अर्धा ख आणि काना

एक काळजी आईच्या मनातून जाता जात नव्हती. आपली भिंगरी एक दिवस अशा कुणालातरी 'नाही' म्हणेल, की नंतर तिच्या बाजूने उभं राहायला चिटपाखरूही उरणार नाही.

भिंगरी हे लाडाचं नाव. बाई चौतीस वर्षांची. झेरॉक्सची मशीन दुरुस्त करायची. नवा खपावा म्हणून गिऱ्हाइकाच्या चांगल्या रोलरपुढे 'खराब' लिही, असं साहेबाने सांगितलं तेव्हा तिने तो रोलरच त्याच्या टेबलावर नेऊन ठेवला. "फिरवून बघा. हा गेला असेल तर मीही गेले." मग ती गेलीच. दुसरी नोकरी मिळाली ती दोन बस बदलून जायची. आईने कपाळाला हात लावला, तर म्हणाली, "बसमध्ये वाचून होतं गं."

गेलं वर्षभर तिने एक जुना कॉम्प्युटर डोक्यावर घेतला होता. भंगारवाल्याकडून आणलेला, कीबोर्डच्या पोटातच सगळं यंत्र. टीव्हीला जोडायचा, आणि प्रोग्राम कॅसेटवरून किंचाळत आत शिरायचा. मोबाइलवरचा एक फोटो मावणार नाही, एवढीशी मेमरी. त्याच्यावर तिला एक जुनं इंजिन चढवायचं होतं. इंजिन म्हणजे गेम नव्हे, गेम बनवायचं साधन: ठिपक्याठिपक्यांनी खोली काढा, दार ठेवा, दारातल्या माणसाच्या तोंडी वाक्य घाला. मुळात ते भलत्याच मशीनसाठी लिहिलेलं. या मशीनला कळेल असं ते ओळ न ओळ नव्याने लिहायचं, हा हिचा उद्योग.

खोल्या झाल्या, दारं उघडली. घोडं अडलं ते वाक्यापाशी. भिंगरीला अक्षरं मराठी हवी होती, आणि त्यासाठी चारशे बाइट जागा कमी पडत होती.

शनिवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये जुन्या कॉम्प्युटरांचं प्रदर्शन होतं. तिला एक टेबल मिळालं होतं. शाळेतली मुलं तिथे बसून आपापले गेम बनवणार होती. आधीच्या रविवारी आयोजक काका तिच्या खोलीवर आले, तेव्हा आईही तिथेच होती.

"अगं, इंजिनात इंग्रजी अक्षरं आहेतच ना? तीच राहू दे. मराठी मावत नाही त्यात, मान्य कर. आणि मुलांना येतं की इंग्रजी."

"येतं. पण भांडतात कशात?"

"म्हणजे?"

"काका, दारात राक्षस उभा आहे. पोरगी त्याला काय म्हणेल? 'प्लीज मूव्ह'? तिला 'सरक बाजूला, टोणग्या' म्हणायचंय. मराठी नसेल तर मी येत नाही."

"मग टेबल दुसऱ्या कुणाला देऊ?"

"शुक्रवार संध्याकाळपर्यंत ते माझं आहे."

काका गेले आणि आईने तोंड उघडलं. "एवढा एक शनिवार त्यांचं ऐक ना."

"तू पण?" एवढंच म्हणून भिंगरीने स्क्रूड्रायव्हर उचलला आणि पाठ फिरवली. आई निघाली तेव्हा तिचा रिकामा डबा चौकटींच्या कागदात गुंडाळून दिला, पण मुक्यानेच. त्यानंतर दोघींचं बोलणं बंद.

शुक्रवारी दुपारी तो कागद टाकायला म्हणून आईने उलगडला. आत भिंगरीने ठिपक्यांची अक्षरं काढली होती. ख, शेजारी अर्धा ख. भ, शेजारी अर्धा भ. प्रत्येकासमोर पेन्सिलीने लिहिलेलं: चोवीस बाइट. आणि तळाशी: चारशे कमी.

"अगं बाई, दोनदोनदा कशाला?" आई कागदालाच म्हणाली.

बावीस वर्षं तिने कचेरीत मराठी टाइपरायटर बडवला होता. त्या मशीनवर पूर्ण ख नव्हताच. अर्धा ख दाबायचा, पुढे काना; झाला ख. ध, भ, श, ण, सगळे तसेच. नव्या मुली 'खा'साठी दुसरा काना मारायला विसरत, मग 'बांधकाम खाते'चं 'बांधकाम खते' होई, आणि हेडक्लार्क विचारत, "किती पोती पाठवू?"

तिने पेन्सिल घेतली. काना तर कागदावर वेगळा काढलेला होताच. मग उजवीकडे दांडा असलेलं एकेक पूर्ण अक्षर ती खोडत सुटली. ख, ग, घ, च... वीस खोडली. वीस चोवीस चारशे ऐंशी. पुन्हा केलं. चारशे ऐंशीच.

मावत नाही म्हणे! एका लोखंडी खोक्यात अख्खी कचेरी मावत होती, हुकूम-नोटिसा-निरोपसमारंभासकट. आणि आपणही रविवारी त्या काकांची री ओढली, याचा तिला आता स्वतःचाच राग आला.

तीन वाजले होते. कामावर असताना फोन करायचा नाही, ही भिंगरीची सक्त ताकीद. त्यात अबोला, आणि अबोल्यात आधी फोन करेल तो हरला. आईने चष्मा पुसला. हरले तर हरले. हॅलो-बिलो नाही, कशी आहेस नाही. पहिलं वाक्य 'पूर्ण ख फेकून दे' हेच म्हणायचं, आणि नाही उचलला तर उचलेपर्यंत करत राहायचं, असं ठरवून तिने फोन हातात घेतला.