बायबलात न सापडलेलं वाक्य

परळच्या चाळीतल्या बौद्ध घरातली मुलगी लॅटिन का शिकते, हे नातेवाइकांना कळायचं नाही. आई विचारणाऱ्याला एवढंच सांगायची, "तिला आवडतं."

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी मध्ययुगातल्या एका संतिणीचं चरित्र घेतलं होतं. युरोपातल्या मठाची ती प्रमुख. तिच्याच मठातल्या एका ननने ते लिहिलेलं. बायबलमधली वाक्यं तिने अवतरणचिन्हांशिवाय आपल्या मजकुरात मिसळली होती. ती ओळखून तळटिपा द्यायच्या, हे माझं काम. त्या मिसळण्याचं मला नवल नव्हतं. बाबा चाळीतल्या जयंतीच्या सभेत बोलायचे, तेव्हा कुठे कुठे वाचलेली वाक्यं अशीच त्यांच्या तोंडून यायची, त्यांच्याही नकळत.

शनिवारी मी गिरगावात आमच्या निवृत्त प्राध्यापक बाईंकडे जायचे. बाई ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती समाजातल्या, लॅटिन बायबल आयुष्यभर वाचलेल्या. मी वाचायचे आणि त्या डोळे मिटून सांगायच्या, "हे ईयोबाच्या पुस्तकातलं. हे स्तोत्रांतलं."

एकदा मी वैतागले. "बाई, हिने वादळ शमवलं ते बायबलातून उसनं, आंधळ्याला दृष्टी दिली तेही उसनं. मग हिने स्वतः केलं काय?"

"पुढे वाच."

पुढे लिहिलं होतं की संतीण हसताना बाहीने तोंड झाकायची, कारण तिचा पुढचा दात पडला होता.

बाईंनी डोळे उघडले. "परत वाच." मी वाचलं. "हे मला माहीत नाही गं," त्या म्हणाल्या.

मग आमची शोधाशोध सुरू झाली. बायबलची शब्दसूची पाहिली, कॉम्प्युटरवर शोधलं, इतर संतांची चरित्रं चाळली. बायबलात दात पुष्कळ, पण बहुतेक रागाने खाल्लेले किंवा पाडलेले. बाईंनी ओळखीच्या एका फादरना फोन केला. ते ठामपणे म्हणाले, "नीतिसूत्रांत आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन आला, "नाहीये हो."

शेवटी बाईंनी पुस्तक मिटलं. "कुठेच नाहीये ते. लिहिणारी रोज तिच्यासमोर जेवायला बसत असणार. पाहिलं तेच लिहिलंय तिने."

इतके महिने मी जिची वाक्यं मोजून बाजूला काढत होते, ती लिहिणारी नन एकदम मला दिसली. आम्ही दोघी हसत सुटलो. त्या दिवशी बाईंनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

घरी आल्यावर आई म्हणाली, "म्हणजे सापडलं नाही म्हणून तुम्ही खूश?"

"हो."

"बरं," म्हणत तिने माझ्यापुढे चहा ठेवला.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक नेमके त्या वाक्यापाशी थांबले. "इथे संदर्भ नाही."

"नाही सर. हे तिने डोळ्यांनी पाहिलं असावं, असं मला वाटतं."

त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं. मग तळटिपा बाजूलाच राहिल्या. तो मठ कसा असेल, जेवताना त्या बायका कशावर हसत असतील, यावरच आम्ही बोलत बसलो. इतका वेळ लागला म्हणून बाहेर थांबलेल्या आईला वाटलं, मी नापासच होतेय.