आवक-जावक

आमच्या हैदराबादेतल्या नारायणगुड्याच्या कचेरीत आवक-जावक पाहणारे एक म्हातारे कारकून होते. तरुणपणी एका जहागीरदाराबरोबर ते युरोप फिरले होते, पण लंडन-पॅरिसचं नावही काढत नसत. "अंडोरा, सान मारिनो... नखाएवढे मुल्क, साहेब. सकाळी शिरलो, दुपारी संपले." अशा प्रत्येक देशाचा शिक्का त्यांनी हट्टाने एका वहीत मारून घेतला होता, आणि शेजारी आवक आणि जावक अशा दोन तारखा लिहिल्या होत्या.

छप्पन साली हैदराबाद राज्याचे तीन वाटे ठरले, तेव्हा आमच्याकडून अर्ज भरून घेतले: मुंबई, म्हैसूर की आंध्र? त्यांनी तिन्ही नावं खोडून 'हैदराबाद राज्य' लिहिलं.

"अहो, ते नोव्हेंबरच्या एक तारखेपासून नसणार!" मी म्हणालो.

"हौ, मालूम आहे," ते शांतपणे म्हणाले. "लहान मुल्क नकाशात दिसत नाहीत, साहेब. आत माणसं राहतात."

एक तारखेनंतर ते कुणालाच दिसले नाहीत. घरालाही कुलूप होतं. महिन्याभराने माझी मुंबई राज्यात बदली झाली, तेव्हा त्यांचा खण मीच रिकामा केला. वहीच्या शेवटच्या पानावर आमच्या जुन्या राज्याचा शिक्का होता. आवक एक तारखेची, जावकेची जागा कोरी.

पान मिटताना शिक्क्याची अजून ओली असलेली शाई माझ्या बोटांना लागली.