पिस्तुलाला शिवलेली गोधडी

लोखंड, तेल आणि माणसाचा घाम एकत्र आले की कसा वास सुटतो, हे ज्याला माहीत नाही तो सुखी. मला माहीत आहे. अजून शिवणाच्या मशीनला तेल घालायला बसले की तो वास नाकात येतो.

गोष्ट पन्नास सालानंतरची. पिंपरीच्या माळावर कारखान्याचं बांधकाम सुरू झालं होतं आणि नदीकाठचा आमचा तुकडा द्यायचा की ठेवायचा, यावरून भाऊबंदांत पेटली होती. सासरे द्यायला तयार, त्यांचे चुलत भाऊ नाही म्हणत. त्यातला एक जण चावडीच्या पायरीवर सगळ्यांदेखत बोलून गेला, की बांधावर एकटा गाठतो आणि बघतो. झालं. सासऱ्यांनी चार ठिकाणी खेटे घालून परवाना काढला आणि पुण्याहून पिस्तूल घेऊन आले. लहानसंही मिळत होतं म्हणे. पण लहान पिस्तूल बाळगणं त्यांना कमीपणाचं वाटलं. आणलं ते हे एवढं धूड, वीतभरापेक्षा लांब, पाट्यावरच्या वरवंट्यासारखं जड.

माझी थोरली तेव्हा नुकती बसायला लागली होती. हिरड्या सळसळायच्या, हाताला लागेल ते तोंडात. आणि बसायची जागा एकच, आजोबांची मांडी. दुसऱ्या कुणाकडे टिकायची नाही. आता मला सांगा, माझी पोर आणि ते धूड एकाच मांडीवर, तर आईच्या घशाखाली घास कसा उतरेल? पण बोलणार कुणाला? आमच्याकडे सून सासऱ्यांशी बोलत नसे. काय असेल ते सासूबाईंमार्फत. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो.

सासऱ्यांचं असं, की पिस्तूल हवं पण ते दिसायला नको. दिसलं तर गाव म्हणेल, भ्याला. म्हणून ते धोतराच्या आत, कमरेच्या कातडीला लागून, वर बंडी, वर सदरा. पिस्तुलाबरोबर लष्करी थाटाची कातडी पिशवी मिळाली होती, पण ती पट्ट्यावर बाहेरून अडकवायची. सदऱ्याखाली ती गळवासारखी दिसायची. मग त्यांनी काय करावं? पिस्तूल दोरीनं करगोट्याला बांधलं! करगोटा म्हणजे पुरुषांच्या कमरेचा काळा दोरा. त्यावर आमच्या पुरुषांचा देवावर नसेल एवढा भरवसा. विहिरीपर्यंत गेले, तिथं दोरा तुटला आणि ते धूड धोतरातून घसरत खाली कासोट्यात जाऊन बसलं. पाय फाकवून, परसाकडची घाई लागलेल्या माणसासारखे चालत घरी आले. पाणी भरणाऱ्या बायकांनी पदर तोंडात कोंबले होते. दोरा तुटण्याआधी कमरेला कापून गेला होता, ते वेगळंच.

त्यानंतर चाकणच्या बाजारातल्या कारागिराकडून धोतराच्या आत बसेल असं कातडी घर करून आणलं. काम चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. जाड, ताठ कातडं, पिस्तुलाचा घोडा पुरा झाकलेला. पण उन्हाळ्याचे दिवस. आठवड्याभरात कमरेचं हाड सोलून निघालं. जखम चिघळली, पू झाला. आत्याबाई रोज हळद-तेल लावायच्या आणि रोज कडकड बोलायच्या.

"चपला दारात सोडता, आन् ह्ये कातडं कमरंला बांधून ताटावर बसता व्हय?"

सासरे हळद-तेलावरच कातडं पुन्हा आवळायचे. पण एक होतं. मांडी घातली की ते कातडं पोटात टोचायचं, म्हणून जेवायला किंवा पोरीला घ्यायला बसण्याआधी ते उठून धान्याच्या खोलीत जायचे आणि सगळं खुंटीला अडकवून यायचे. तेवढा वेळ मला श्वास घेता यायचा.

मग निरोप आला. आत्याबाईंनी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी, मेलेली घूस धरावी तसं लांब धरून माझ्यापुढे आणून ठेवलं. "रिकामं हाय म्हणत्यात. तुजा हात शिवणाचा. मऊ काय तरी करून दे." गोधड्या मी चांगल्या शिवायची, हे खरं. आत्याबाईंच्या जुन्या लुगड्याचे थर घातले, कोळशानं माप आखलं, बारीक टाके घालून पिशवी केली, बांधायला रुंद नाड्या लावल्या. आखताना त्या लोखंडाला बोट लागलं की मी लुगड्याला पुसायची. तेल काही निघायचं नाही. त्या बोटांनी भाकरी थापायला नको वाटायचं.

सासरे खूश. इतकं मऊ आहे, की आहे हेसुद्धा कळत नाही, असा निरोप आला. त्या घरात माझ्या हाताचं झालेलं पहिलं कौतुक ते, आणि तेही कशाचं!

कापड ते कापडच. ते घाम प्यायलं, तेल प्यायलं. महिन्याभरात त्याच्यावर पिवळी-काळी वर्तुळं उमटली. धुवायला मागितलं तर देईनात, कारण वाळेपर्यंत कंबर मोकळी राहणार. ओसरीवरून ते आत आले की आधी तो वास आत यायचा, ओल्या गंजाचा, शिळ्या खोबऱ्याचा. वाढायला वाकले की मी श्वास धरायची. दुपारी ते कमरेला तसंच ठेवून घोरायचे. आणि टोचत नव्हतं, म्हणून खुंटीपर्यंत जाणंही बंद झालं.

एका दुपारी मी पाणी घेऊन ओसरीवर गेले. सासरे तक्क्याला टेकून रस्त्याकडे बघत होते, पोर मांडीवर. तिनं बंडी वर सरकवून माझ्या गोधडीचा कोपरा ओढून काढला होता आणि तो चघळत होती. ओठ काळे, हनुवटीवरून काळी लाळ, ती त्यांच्या धोतरावर. एक हात त्या कापडाच्या मधोमध, मूठ आवळत होती, सोडत होती. तिथं आत घोडा आहे हे मला माहीत होतं. मीच आखलं होतं. चाकणच्या कातड्यात तिथं ताठ भिंत होती. माझ्या शिवणीत नुसतं मऊ लुगडं.

"मामंजी, हलू नका."

सासऱ्यांशी बोललेलं माझं पहिलं वाक्य ते. डोक्यावरचा पदरही जागेवर नव्हता. मी आधी पोरीची मूठ सोडवली, मग तिला उचललं. तिच्या तोंडात बोट घालून पुसलं तर बोट काळं झालं. तिला उलटी झाली, माझ्या अंगावर, आणि त्या उलटीलाही तोच वास.

सासऱ्यांचा हात कमरेवर गेला. तोंडचं पाणी पळालं होतं. "मला कळलंच नाही," म्हणाले.

"ते टोचायलाच पाहिजे, मामंजी," मी म्हटलं. "असली वस्तू सुखाची व्हायला नको."

आत्याबाई दारात उभ्या होत्या. मला वाटलं, आता पदरावरून ऐकून घ्यावं लागणार. पण त्या पुढं आल्या. पोरीला माझ्याकडून घेतलं आणि आत गेल्या.

संध्याकाळी ती पिशवी न्हाणीच्या उंबऱ्याशी रिकामी पडलेली दिसली. मी राखेनं घासली, सोडा घालून उकळली. पाणी डबक्यासारखं काळं झालं, वास तिथल्या तिथं. शेवटी जाळली. चुलीत नाही, जेवणाच्या आगीत ते घालवेना. न्हाणीच्या पाणी तापवायच्या चुलीत घातली. धूर घरभर झाला. आत्याबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "माजं लुगडं व्हतं त्ये." एवढंच.

सासऱ्यांनी पुन्हा चाकणचं कातडं बांधलं. पुन्हा कंबर सोलली, पुन्हा हळद-तेल. जमीन शेवटी कारखान्यात गेली, आणि बांधच उरला नाही तर बांधावर गाठणार कोण? तरी पिस्तूल बरेच दिवस होतं. आता मात्र पोरीला घ्यायचं असलं की ते हात वर करून तिला थांब म्हणायचे, कमरेला हात लावत धान्याच्या खोलीत जायचे. आतून खुंटीवर खट्ट वाजायचं. पुढं पुढं ते सकाळी अडकवलेलं दिवसभर तिथंच राहू लागलं. कंबर दुखते म्हणायचे.

पोरगी हुशार. रडायची नाही, ओढायची नाही. आतून खट्ट ऐकू आलं, की मगच हात पसरायची.