प्रभातफेरी वाडीवर गेली

शाळेत झेंडा, प्रतिज्ञा, घोषणा हव्यात कशाला, असं शहरातले नातेवाईक मला विचारतात. मी म्हणते, हव्यातच. फक्त कुणापुढे, ते आधी ठरवा.

कोळवण खोऱ्यातल्या आमच्या शाळेची पंधरा ऑगस्टची प्रभातफेरी दरवर्षी एका फार्महाऊसच्या फाटकापर्यंत जायची. मालक पुण्याचे. ते पाहुण्यांना घेऊन व्हिडिओ काढायचे आणि फाटकावरून बिस्किटांचे पुडे द्यायचे. फाटक काही कधी उघडलं नाही. मुलं 'भारत माता की जय' ओरडायची आणि नजर पुड्यांवर असायची. मुलांचं काय चुकलं? लाज मला वाटायची.

गेल्या वर्षी चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, फेरी आमच्या वाडीवर का येत न्हाई?" तिची वाडी वर डोंगरात. मी फेरीचा रस्ताच बदलला.

शाळा समितीचे अध्यक्ष तावातावाने आले. "बाई, फार्महाऊसवाले सायेब वर्गावर पत्रे घालून देनार हायेत. खाल्ल्या मिठाला जागावं मानसानं. हितं छत गळतंय, आन् तुमी डोंगर चढताय व्हय?"

छत गळत होतं, हे खरंच. पहिलीची पोरं पावसात भिंतीला चिकटून बसायची. पण पत्र्यांसाठी झेंडा कुणाच्या फाटकाशी न्यायचा, हे मला जमणार नव्हतं. "फेरी वाडीवरच जाणार," मी म्हणाले. "पत्रे नाही मिळाले तर भिजू." पत्रे मिळाले नाहीतच. आम्ही अजून भिजतोय.

चिखल तुडवत आम्ही वर पोचलो. घोषणा ऐकून त्या मुलीची आई दारात आली. "औंदा कुनाला मत द्यायचं हाय?" तिने सरळ विचारलं. तिचं तरी काय चुकलं? झेंडे घेऊन ओरडत त्या वाडीवर आजवर मतं मागणारेच आले होते.

मुलगी रांगेतून पुढे झाली. "न्हाई गं आये, आज मत न्हाई मागत कुनी. आज आपला झेंडा आलाय."

आईने पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. "तर मग मी बी म्हनते की," ती म्हणाली, आणि आमच्याआधीच खणखणीत ओरडली. पाठोपाठ सगळी वाडी.

आता कुठल्याही समितीने माझी फेरी खाली वळवून दाखवावी.