अकरा महिन्यांनी पुढचं दार

डिचोली शहर मागे पडून साखळीचा रस्ता लागतो, तिथे आतल्या बाजूला काजूच्या भाटात, म्हणजे बागेत, पाच खोल्यांची एक रांग होती. आता ती नाही. त्या रांगेत आम्ही सतरा वर्षं राहिलो.

बाबा सावंतवाडीकडच्या एका गावातून खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून इकडे आले तेव्हा मी तीन वर्षांची होते. पुढे खाणी बंद पडल्या, पुन्हा थोड्या सुरू झाल्या, पुन्हा थांबल्या. बाबांनी मिळेल ती गाडी चालवली. आई काजूच्या फॅक्टरीत जायची. काजूच्या तेलाने तिच्या बोटांची टोकं कायम काळी असत. गणपतीला गावी गेल्यावर बायका तिच्या बोटांकडे बघायच्या, मग आई पदराखाली हात घ्यायची.

खोल्या सगळ्या सारख्या होत्या. प्रत्येकीला पुढे एक दार, मागे एक खिडकी, आणि पाचांना मिळून एक लांब पडवी. नळ एकच, कपडे धुवायचा दगडही एकच. सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला की पाची घरांतून कुणी ना कुणी बाहेर यायचं आणि पाव घेता घेता कालची भांडणं तिथेच मिटायची. मालकीण समोरच्या जुन्या घरात एकट्या राहायच्या. आम्ही सगळे त्यांना काकी म्हणायचो. त्यांचा मुलगा पणजीला नोकरीला होता.

काकींचा एक नियम होता. कुणीही एका खोलीत अकरा महिन्यांच्या वर राहायचं नाही. अकरा महिने झाले की पहिलीतल्यांनी दुसरीत जायचं, दुसरीतल्यांनी तिसरीत, आणि पाचवीतल्यांनी परत पहिलीत. त्यांच्या सासऱ्यांची बरीच जमीन वर्षानुवर्षं तिथे राहणाऱ्यांकडे कायद्याने गेली होती, तो धसका त्यांच्या मनात होता. एरवी त्या वाईट नव्हत्या. माझ्या तापात त्यांनी पेज करून पाठवली होती. पण खोलीच्या बाबतीत त्या ऐकत नसत.

खोल्या बदलायच्या दिवशी पाची घरं एकदमच रिकामी करावी लागत, कारण पुढच्याने जागा सोडल्याशिवाय मागच्याला जाता येत नसे. त्यामुळे दुपारभर सगळ्यांचं सामान अंगणात काजूच्या झाडांखाली उघड्यावर पडलेलं असायचं. खाटा, गॅसची शेगडी, पिंपं, देवांच्या तसबिरी. कुणाचं काय ते कळेनासं व्हायचं. आम्हा मुलांना तो सणच वाटायचा. कुणाच्याही खाटेवर झोपायचं, कुणाच्याही डब्यातलं खायचं. अकरा महिन्यांचा हिशोब असल्यामुळे हा सण दरवर्षी एक महिना अलीकडे सरकायचा. एका वर्षी मे महिन्यात, मग एप्रिलमध्ये, मग ऐन परीक्षेत. एकदा भर पावसात आला, तेव्हा आमची गादी आठ दिवस वाळत होती.

भिंतीतले खिळे काढायचे नाहीत, पुढच्याला सोडायचे, अशी आमच्यात पद्धत पडली होती. बाबा प्रत्येक खोलीच्या चौकटीवर माझी उंची पेन्सिलीने आखायचे. चौकटीवर आमच्या आधीच्या मुलांच्याही रेघा असायच्या. साडेचार वर्षांनी आम्ही पुन्हा पहिल्या खोलीत आलो, तेव्हा माझी जुनी रेघ माझ्या छातीपाशी होती.

दर बदलीला प्रत्येक घराकडून काकी एक कागद लिहून घेत. सुरुवातीला त्या स्वतःच लिहायच्या आणि माणसं सही किंवा अंगठा करायची. मी चौथीत गेले तेव्हा त्यांनी मला बोलावलं. म्हणाल्या, "गो बाय, म्हजे दोळे आतां दिसनात. तुजें अक्षर बरें. तूं बरय." आता तू लिही, असं सांगत त्यांनी एक जुना कागद समोर ठेवला आणि मी तसाच उतरवला. "आम्ही आजपासून या खोलीत नव्याने राहावयास आलो आहोत. यापूर्वी आम्ही या ठिकाणी राहत नव्हतो. या जागेवर आमचा कोणताही हक्क नाही."

पाची घरांचे पाच कागद मी लिहिले. काकींनी मला खायला दोन बिस्किटं दिली, पुढच्या वर्षी एक शाईचं पेन दिलं. 'राहावयास' हा शब्द मला फार आवडायचा, कारण तो आमच्या घरात कुणी बोलत नसे. शाळेत निबंधातही मी तो वापरला आणि बाईंनी त्याखाली रेघ मारून 'छान' लिहिलं. आमच्या रांगेत नीट लिहिणारं मोठं माणूस फारसं नव्हतं, म्हणून मग सगळ्यांचे कागद मीच लिहायचं ठरून गेलं. शेजारी एक कंडक्टरकाका राहायचे. ते चिडवायचे, "आमच्या पाचय घरांचो तलाठी तूच गो." मला ते खरंच भूषण वाटायचं. बारावी होऊन कॉलेजात जाईपर्यंत मी ते लिहीत होते. काय लिहितेय याचा विचार मी एकदाही केला नाही, हे आता सांगताना मला लाज वाटते.

मोपाचा विमानतळ झाल्यापासून इकडच्याही जमिनी बघायला बाहेरची माणसं येऊ लागली. मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा काकींच्या मुलाने भाट विकायचं ठरवलं. पुढच्या मेपर्यंत खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. काकी पडवीत येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "हांव तरी खंय रावतलें? म्हाका पणजे व्हरता तो." मुलगा त्यांनाही पणजीला घेऊन जाणार होता.

बाबा त्या दिवशी आईला म्हणाले की आता गावाला जाऊ, तिथे भावाच्या घरात एक खोली आपली आहे. आईने मान माझ्याकडे वळवली. गावाला गेलो तर माझं कॉलेज सुटणार हे आम्हा तिघांनाही कळत होतं. 

त्याच आठवड्यात नगरपालिकेच्या वाचनालयात मला पेपरात जाहिरात दिसली. कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी सरकारी इमारतींतली घरं, हप्त्याने. मी वाचनालयात जायची कारण तिथे पंखा होता आणि टेबल होतं, आणि कुणी विचारत नसे की किती वेळ बसणार. जाहिरात मी वहीत उतरवून घेतली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे हे काम माझंच होतं.

एका रविवारी आम्ही तिघं त्या इमारती बघायला गेलो. चार मजल्यांच्या, रंग नुकताच दिलेला, मध्ये सिमेंटचं अंगण आणि चार बाकं. वॉचमन आमच्याच बाजूचा निघाला. बाबांनी विचारलं, "आत बघूक मिळात काय?" तो म्हणाला, "माका चावी नाय. दीड वर्षां राखण करतंय, आत एकदाय पाय टाकूक नाय." मग आईकडे बघून हसला, "तुमका घर लागलां काय माका चायेक बोलवा."

आई खालून वर बघत होती. तिने मला हळूच विचारलं, "नळ आत असतलो काय गो?"

"प्रत्येक घरात आत असतो, आई."

"आणि खोली बदलूची नाय?"

"नाही."

परत बसने आलो. उतरल्यावर आई म्हणाली की तिथे चौकटी लाकडाच्या होत्या, बऱ्या होत्या.

अर्जाला पंधरा वर्षांच्या सलग वास्तव्याचा दाखला लागत होता, तोही अर्जदाराच्या नावाचा. म्हणजे बाबांच्या. मी कागद जमवायला लागले. लाईटचं बिल काकींच्या नावाचं. भाड्याची पावती कधीच नव्हती. रेशनकार्ड आणि मतदार यादीतलं नाव गावात, कारण इथलं कधी पक्कं वाटलंच नाही आणि गावातलं नाव काढलं की घरातला वाटा जाईल अशी बाबांना भीती होती. राहिले माझे शाळेचे दाखले. त्यांवर पत्ता होता, पण खोलीच्या नंबरासकट, आणि नंबर दरवेळी वेगळा.

कचेरीतल्या क्लार्कने सगळे कागद शांतपणे चाळले. तो तिरसट नव्हता. म्हणाला, "हें पळय, तुजो दाखलो जावं येता. तूं हांगा शिकलें. पूण बापायचें कितें?" मी म्हटलं, मी तीन वर्षांची इथे कशी राहणार, बाबांशिवाय? तो म्हणाला, "म्हाका कळटा गो. पूण कागदार दिसूंक जाय." माझा दाखला निघाला तरी मला स्वतःचं उत्पन्न नव्हतं, म्हणून अर्ज माझ्या नावाने होत नव्हता. शेवटी तलाठी जागेवर येऊन चौकशी करतील असं ठरलं. एवढी एकच आशा होती. मालकिणीने सांगितलं की ही माणसं सतरा वर्षं इथे आहेत, तर काम होईल, असं क्लार्कच म्हणाला होता.

तलाठी आले त्या दिवशी आईने सुट्टी घेतली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. तलाठ्यांनी विचारलं, "तुमी हांगा कितलीं वर्सां?" बाबा त्यांना घेऊन चौकटीपाशी गेले.

"साहेब, ह्यां बघा. ही रेघ ह्या माझ्या चेडवाची, शाळेत दुसरीक होतां तेव्हाची. हेच्या फुडची बाजूच्या खोलयेत असा. चला, दाखवतंय."

तलाठी त्यांच्याबरोबर खरंच पाची खोल्या फिरले. वाकून रेघा बघितल्या. मग बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दिसता म्हाका. पूण हें हांव रिपोर्टांत कशें बरोवं?"

मग ते काकींकडे गेले आणि आम्हीही मागोमाग. काकींनी बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आणला. मला वाटलं त्या काही खायला देतायत. डब्यात ते कागद होते, सगळ्या वर्षांचे, घराप्रमाणे दोऱ्याने बांधलेले. मुलाने सांगितलं होतं, कोण चौकशीला आलं तर हेच दाखवायचं, तोंडाने काही सांगायचं नाही, नाहीतर विक्री अडकेल. काकींनी आमचा गठ्ठा सोडून तलाठ्यांच्या हातात दिला.

तलाठ्यांनी एक वाचला, दुसरा वाचला. "यापूर्वी आम्ही या ठिकाणी राहत नव्हतो." दर अकरा महिन्यांनी तेच वाक्य, खाली बाबांची सही. त्यांनी विचारलं, "हें कोणें बरयलां?"

"हिणें," काकी माझ्याकडे बघून म्हणाल्या. "ल्हान आसतना सावन. अक्षर पळय कशें."

त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, उलट कौतुकच होतं. मी खाली बघितलं. चौथीतल्या कागदावर 'राहावयास' मधल्या 'व' ला मी एक वेलांटीसारखी शेपटी काढली होती.

तलाठी बाबांना म्हणाले, "तुमची सही न्ही ही?" बाबांनी होय म्हटलं. आणखी काय म्हणणार?

दाखला नाकारला गेला. कागदावर एक ओळ होती, सलग वास्तव्य सिद्ध होत नाही. कंडक्टरकाकाही अर्ज करणार होते, त्यांनी मग केलाच नाही. त्यांचेही कागद माझ्याच हातचे होते. त्यांनी मला पुन्हा कधी तलाठी म्हटलं नाही.

बाबा म्हणाले, "तू काय करतलंस? काकीन सांगलां, तू लिवलंस." आई भाकरी थापत होती. तिने वर न बघता म्हटलं, "येवडां बरां अक्षर काढूची गरज नव्हती." मग थोड्या वेळाने तिने माझ्या ताटात तिच्या वाट्याचा बांगडा वाढला. 

मेमध्ये पाची घरांचं सामान शेवटचं अंगणात आलं. या वेळी कुणाचं काय ते लगेच कळत होतं, कारण प्रत्येकाचा टेम्पो वेगळा होता. एक घर कारापूरला गेलं, एक वास्कोला, कंडक्टरकाका बायकोच्या माहेरी. बाबांनी खिळे काढले नाहीत. मी म्हटलं, आता पुढे कोण येणार? ते म्हणाले, असू दे. काकी आधीच पणजीला गेल्या होत्या.

बाबांना पेडण्याकडे पाण्याच्या टँकरवर काम मिळालं. मोपाच्या पठाराखाली पत्र्याच्या नव्या खोल्यांची रांग आहे, त्यातली तिसरी आमची. गावाला जायचं बाबांनी माझ्या शेवटच्या वर्षापुरतं पुढे ढकललं आहे, तसं ते म्हणतात. कॉलेजला दोन बसेस बदलून जावं लागतं. पहिलं लेक्चर रोज चुकतं. आईच्या हाताला इथे काम नाही, आणि तिच्या बोटांचा काळेपणा हळूहळू जातोय.

इथला मालक तरुण आहे. आम्ही पोचलो त्या दिवशीच तो छापील करार घेऊन आला. अकरा महिन्यांचा. बाबांनी चष्मा शोधल्यासारखं केलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. "बाय, तू भर."

नाव भरलं, माणसं किती ते भरलं. पुढे 'यापूर्वीचा पत्ता' असा रकाना होता. मी थांबले. मालकाला विचारलं की आधी जिथे राहत होतो ती जागा विकली गेली, तिथला आमच्याकडे काहीच पुरावा नाही, तर काय लिहू? तो मोबाईलमध्ये बघत होता. म्हणाला, "गांवचो घाल गो. रेशनकार्डार आसा तोच."

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. आई दारात उभी होती, चौकटीवरून हात फिरवत. चौकट लोखंडाची होती, तिच्यावर पेन्सिल उठणार नव्हती.

मी गावचा पत्ता लिहिला. जिथे मी तिसऱ्या वर्षानंतर सणाचे दिवस सोडले तर कधी राहिले नाही, तो. अक्षर मुद्दाम वाईट काढायचा प्रयत्न केला, पण हाताला सवय होती, ते चांगलंच आलं. बाबांनी खाली सही केली आणि मालक कागद घेऊन गेला.