परसातली लोखंडी दांडी

टेस्टरचा दिवा सॉकेटच्या दोन्ही भोकांत लागला, तेव्हा आधी मला वाटलं की टेस्टरच बिघडलाय.

गेल्या उन्हाळ्यातला रविवार होता. मी श्रीरामपूरला एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. सुट्टीला राहात्याजवळच्या आमच्या घरी जाते. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच, आणि तीही भौतिकशास्त्र घेऊन. त्यामुळे पंखा हळू फिरू लागला किंवा बोर्डाचं बटण ढिलं झालं, की "ताई येऊ दे रविवारी" असं ठरलेलं. कॉलेजात मी मुलांना ज्या तारा जोडून देते त्या सहा व्होल्टच्या बॅटरीच्या असतात. घरच्या बोर्डाला हात लावताना माझे तळहात घामाने ओले होतात, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवलं, त्यांना ते कसं सांगायचं?

त्या सकाळी आई शेंगदाण्याची चटणी करायला निघाली, तर स्वयंपाकघरातलं सॉकेट बंद. मिक्सर हूं की चूं करीना. कोपऱ्यातला फ्रिजही गप्प. पुढच्या खोलीत मात्र टीव्ही चालू होता आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, बातम्या बघत होते.

"आली का मास्तरीण?" ते तिथूनच ओरडले. "बघ गं. पंधरा वर्षं शाळा शिकलीस, एवढं एक भोक जित्तं करून दाव."

"तुमी तिथंच बसा," आई म्हणाली. "मागं तुमी पंखा खोलला, त्याचे तीन स्क्रू अजून डब्यात हायेत."

मग मला म्हणाली, "ह्याला काय झालं न्हाई. दांडी सुकली आसंल. मी पानी घालून येते, तवर तू बघ." आणि बादली घेऊन मागच्या दाराने परसात गेली.

ही दांडी मी दहावीत असतानाची. घरात विजेच्या दोन तारा येतात. एकीतून वीज आत येते, दुसरीतून परत जाते. आमची ही परतीची तार खांबावर सारखी तुटायची आणि आठ-आठ दिवस अंधार असायचा. परीक्षा तोंडावर आली, तेव्हा कुणीतरी अण्णांना युक्ती सांगितली. परसात लोखंडी दांडी ठोकायची, घरातली परतीची तार तिला बांधायची, म्हणजे वीज जमिनीतून परत जाते. अण्णांनी त्याच दिवशी दांडी ठोकली. जमीन ओली असली की बल्ब लख्ख, सुकली की पिवळा. म्हणून आई रोज संध्याकाळी दांडीच्या बुडाशी बादलीभर पाणी ओतायची, आणि ते खोल मुरावं म्हणून दांडी दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवायची. आतून मी ओरडायचे, "आला, आला!" त्या उजेडात माझी दहावी झाली, बारावीही झाली.

पुढे खांबावरचं काम नीट झालं. पुढच्या खोल्या चांगल्या तारेला जोडल्या गेल्या, स्वयंपाकघर तेवढं दांडीवरच राहिलं. चालतंय ना, मग कशाला हात लावा. अर्थिंगचा धडा मी पदवीच्या पेपरात दोनदा लिहिला, पण आमची दांडी मला एकदाही आठवली नाही.

तर मी मिक्सरची पिन काढली आणि टेस्टर उजव्या भोकात घातला. दिवा लागला. तो लागायलाच हवा, तिथून वीज येते. डाव्या भोकात घातला. तिथे लागायला नको. तिथेही लागला.

मी टेस्टर फडक्याने पुसून पुन्हा घातला. पुन्हा लागला.

मग माझं लक्ष फ्रिजकडे गेलं. तो बंद दिसत होता, पण त्याची पिन लावलेली होती आणि बटणही चालू होतं. वीज फ्रिजमधून जाऊन परतीच्या तारेत आली होती, आणि तिथून पुढे तिला वाट नव्हती. जमीन उन्हाने दगडासारखी झालेली. म्हणजे वीज त्या तारेत तुंबलेली होती. आणि ती तार बाहेर दांडीला बांधलेली होती.

खिडकीतून आई दिसली. अनवाणी. बादली तिरपी करून पाणी ओतत होती आणि पाणी तिच्या पावलांभोवती पसरत होतं.

"आई, थांब!"

"घालते की पानी, दम धर जरा," ती वर न बघता म्हणाली. मला मिक्सरची घाई झालीय असं तिला वाटलं, आणि तिने उरलेली बादली एकदम उपडी केली. आता ती दांडी हलवणार होती.

धावत जाऊन तिला ओढावं असं वाटलं. पण तिने दांडी धरली असेल, तर मीही तिला चिकटले असते. मी उलटी पळाले. मेन स्विच पुढच्या खोलीत, दाराच्या वर. मधली खोली आमची दहा पावलांची आहे. त्या दहा पावलांत आई मला दिसत नव्हती, आणि परसातून काहीच आवाज येत नव्हता. स्टूल ओढायला वेळ नव्हता. मी अण्णांच्या खुर्चीच्या हातावर पाय देऊन चढले आणि खटका खाली ओढला. टीव्ही बंद झाला.

"अगं ए, बातम्या चालू हायेत!" अण्णा म्हणाले.

मी परत स्वयंपाकघरातून मागच्या दारात आले. आई दोन्ही हातांनी दांडी धरून हलवत होती.

"आली का गं लाईट?" तिने विचारलं.

मी खाली उंबऱ्यावर बसले. ती हात पुसत जवळ आली. "काय झालं? चावलं का काय?"

"तुला कधी झटका नाही बसला त्या दांडीचा?"

"झटका न्हाई. झिनझिन्या येतात हाताला. उन्हानं तापती ना दांडी. उन्हाळ्यात जरा जास्ती येतात." तिने तळहात उघडून दाखवले, जणू तिथे काही दिसणार होतं.

अण्णा मागे येऊन उभे होते. मी त्यांना सगळं सांगितलं. ते आधी हसले. "इतकी वर्षं चाललंय. काय झालं का कुनाला?" मी म्हणाले, "अण्णा, इतकी वर्षं खाली ओल होती, वीज जमिनीत जात होती." त्यांनी दांडीकडे पाहिलं, मग आईच्या पायांकडे. "म्हंजे मी हिला..." एवढं म्हणाले आणि थांबले.

"तेव्हा दुसरा इलाज नव्हता. माझ्यासाठीच केलंत तुम्ही," मी म्हणाले. ते खरंच होतं, पण त्यांना ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

वायरमन सोमवारी येतो म्हणाला. संध्याकाळची एसटी मी सोडली. मी झोपल्यावर कुणीतरी टीव्हीसाठी खटका वर करेल आणि सवयीने पाणी घालायला जाईल, या भीतीने मी मेनचा फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवला. रात्रभर घर अंधारात होतं. अण्णा एकदाही फ्यूज मागायला आले नाहीत.

सोमवारी वायरमनने स्वयंपाकघर खांबाच्या तारेला जोडलं, दांडीची तार कापली. अण्णांनी पहार घेऊन दांडी उकरायला सुरुवात केली. आई आणि मी बाजूला उभ्या होतो.

"मग तू शिकत हुतीस, तवाबी हुता का त्यात करंट?" तिने हळूच विचारलं.

"होता. थोडा."

"बरं झालं, तवा ठावं नव्हतं."

"ठावं असतं तर घातलं नसतंस का पाणी?"

"घातलंच आसतं," ती म्हणाली. "पन भीत भीत."

दांडी निघाल्यावर मी आत जाऊन टेस्टर लावला. डावं भोक विझलेलं होतं. तीनदा पाहिलं. मिक्सरची पिन लावून आईला हाक मारली, "ये, लाव बटण." ती दारापर्यंत आली, पण पुढे येईना. मी तिच्या पायांकडे पाहिलं. आमच्या स्वयंपाकघरात कुणी कधी चप्पल घालून आलेलं नाही, आणि ती दारात चप्पल घालून उभी होती.

"तूच लाव," ती म्हणाली.