दोन चुलींचा स्टीरिओ

कॅसेटचे दिवस होते. मुलुंडच्या आमच्या घरी मी आणि दादाने मिळून स्टीरिओ डेक घेतला. तो जोडायला दुकानातून आलेला माणूस दातांनी वायर सोलायचा आणि सोललेला तुकडा शिस्तीत खिशात ठेवायचा. प्लग कुठे आहे हे सोडून त्याने आधी विचारलं, "घरात चुली किती?"

"दोन!" मी आणि दादा एकदम म्हणालो. आमचं एकमत एवढ्यावरच.

त्याने एक स्पीकर दादाच्या खोलीत लावला, दुसरा माझ्या. गाणं सुरू झालं. दादाकडे गायक गात होता, माझ्याकडे नुसता तबला.

"ही कसली वाटणी?" मी भडकलो.

"साहेब, दोन्ही स्पीकर एका खोलीत ठेवा, अख्खं गाणं ऐकू येईल."

आम्ही दोघंही छताकडे बघू लागलो.

"मग दर रविवारी वायरी बदला. एक आठवडा गायक यांचा, एक आठवडा तुमचा."

हे मात्र दोघांनाही लगेच पटलं.

निघताना वहिनीने त्याला चहा दिला. ते बघून माझ्या बायकोनेही दिला. दोन्ही कप सावकाश संपवून तो म्हणाला, "म्हणून तर आधी चुली विचारतो."